विश्लेषण : मंडप फुलांनी भरले, तरी नाशिकचा गुलाब उत्पादक अडचणीत का?

साखरपुडा असो, दुकानाचे उद्घाटन असो की वाढदिवस, फुलांच्या सजावटीशिवाय आता कार्यक्रम होत नाही. व्यासपीठामागची भिंत, प्रवेशद्वाराची कमान, जेवणाची टेबले, गाडीचे बॉनेट सगळीकडे फुले दिसतात. जवळ जाऊन हात लावला, की त्यातली अनेक फुले प्लास्टिकची निघतात. फुलांचा वापर वाढत असताना फूल उत्पादक मात्र दर मिळत नसल्याची तक्रार करतात. हा प्रश्न उच्च न्यायालयात आणि विधानसभेतही पोहोचला आहे. नाशिक जिल्ह्यातील हरितगृहांतल्या गुलाबाच्या निमित्ताने हे गणित समजून घेऊ.

नाशिक आणि गुलाबाचे नाते काय?

मुघल काळात नाशिकचे नाव ‘गुलशनाबाद’ होते. पेशवाईत शहराला जुने नाव परत मिळाले, पण फुलांची ओळख कायम राहिली. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, थंड रात्री आणि कोरडा हिवाळा गुलाबाला मानवतो. मखमलाबाद परिसरात उघड्या शेतातला गुलाब आणि झेंडू, तर दिंडोरी तालुक्यातील जानोरी, मोहाडी या गावांत हरितगृहातील गुलाब असे दोन वेगळे व्यवसाय जिल्ह्यात चालतात.

या दोन्हींतला फरक बाजारात लगेच कळतो. हार, पूजा आणि गजऱ्यासाठी लागणारी सुटी फुले वजनावर विकली जातात. पुष्पगुच्छ आणि फुलदाणीसाठी लागणारे लांब दांड्याचे फूल नगावर किंवा जुडीवर विकले जाते. गुलाबाची जुडी २० फुलांची, तर जरबेराची १० फुलांची असते. पहिल्या बाजारात पाकळीला किंमत आहे. दुसऱ्यात दांड्याची लांबी, कळीचा आकार आणि फूल किती दिवस टिकेल, यावर दर ठरतो.

‘डच गुलाब’ म्हणजे नेमके काय?

हरितगृहात लांब दांड्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या संकरित गुलाबाला बाजारात ‘डच गुलाब’ म्हणतात. ‘टॉप सीक्रेट’, ‘ताजमहाल’ हे लाल, ‘गोल्ड स्ट्राइक’ पिवळा आणि ‘अव्हॅलांच’ पांढरा, ही त्यातली परिचित नावे. अनेक वाणांचे हक्क परदेशी पैदासकारांकडे असल्याने रोपांच्या किमतीत त्यांचे स्वामित्वशुल्कही येते.

गादीवाफ्यांवर एका चौरस मीटरला साधारण सहा ते नऊ रोपे बसतात. म्हणजे १० गुंठ्यांच्या हरितगृहातही काही हजार रोपे लागतात. वर प्लास्टिकचा कागद, खाली ठिबक आणि त्यातूनच खते. फांद्या वाकवून पानांचा दाट थर तयार केला जातो. त्या थरावर पोसलेल्या नव्या फुटव्यांना सरळ, लांब दांडे येतात. एकदा लावलेली झाडे चार-पाच वर्षे फुले देतात. द्राक्ष बागायतदारांच्या परिचयाचे भुरी आणि डाऊनी हे रोग गुलाबावरही येतात, शिवाय लाल कोळी आहेच.

हरितगृहासाठी सरकारी योजनेतून मान्य खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. उरलेल्या रकमेसाठी बहुतेक शेतकरी कर्ज काढतात. उभारणी एकदाच होते, पण मजुरी, खते, औषधे आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला द्यावा लागतो.

१४ फेब्रुवारीची तयारी डिसेंबरमध्ये का सुरू होते?

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीवरून काढणीचा अंदाज बांधणाऱ्या नाशिककरांना हे सहज कळेल. गुलाबाचा शेंडा खुडला किंवा फांदी छाटली, की नव्या फुटव्यावर तोडणीयोग्य कळी येण्यास साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. थंडी वाढली तर थोडे जास्त, ऊन वाढले तर थोडे कमी. त्यामुळे ‘व्हॅलेंटाइन डे’साठीची खुडणी डिसेंबरच्या उत्तरार्धातच होते.

निर्यातीचा माल जानेवारीच्या अखेरीपासून तोडावा लागतो, कारण तो शीतगृहातून विमानाने परदेशी बाजारात १४ फेब्रुवारीआधी पोहोचायला हवा. देशांतर्गत बाजारासाठी तोडणी अगदी शेवटपर्यंत चालते. जानेवारीत अचानक ऊब आली, तर कळ्या आठवडाभर आधी तयार होतात. मग चांगला मालही चुकीच्या तारखेला बाजारात येतो आणि निम्म्या दरात जातो. त्या काळात केनियासारखे देशही युरोपात गुलाब पाठवत असतात. तेथील उंच पठारांवरचे वर्षभर समशीतोष्ण राहणारे हवामान ही त्यांची जमेची बाजू.

पुष्पगुच्छातील हिरवाई कुठून येते?

पुष्पगुच्छात फुलांकडे लक्ष जाते, पण आकार आणि भरगच्चपणा देतात ती पाने. अॅस्पॅरॅगसची नाजूक पिसासारखी पाने, नेच्याचे त्रिकोणी पान, अरेका पाम, ड्रॅसिना, मॉन्स्टेराचे कातरलेले मोठे पान आणि आपल्याकडे कुंती किंवा कामिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या तकतकीत डहाळ्या हा नेहमीचा माल. पिवळ्या काठाची ‘साँग ऑफ इंडिया’ तर प्रत्येक फुलवाल्याकडे दिसते. नावात इंडिया असले तरी ही ड्रॅसिना मूळची मादागास्कर, मॉरिशस भागातली. पानांच्या जोडीला जिप्सोफिलाचे पांढरे ठिपके आणि गोल्डन रॉडचे पिवळे तुरे जागा भरून काढतात.

सजावटीत पाने वापरणे मराठी घराला नवे नाही. दारावर आंब्याचा टहाळा, सत्यनारायणाला केळीचे खांब, गणपतीला पत्री आणि दसऱ्याला आपटा ही परंपरा जुनीच आहे. आता त्याचे स्वतंत्र पीक झाले आहे. बहुतेक पानझाडांना शेडनेट पुरते, त्यामुळे हरितगृहाइतका खर्च येत नाही. कापलेली पानेही गुलाबापेक्षा जास्त टिकतात.

सर्वांत महत्त्वाचा फरक तोडणीचा आहे. मॉन्स्टेराचे पान आज नको असेल तर आठवडाभर झाडावर राहू शकते. गुलाबाची कळी थांबत नाही. ती वेळेत तोडली नाही, तर झाडावरच उमलते आणि पुष्पगुच्छाच्या बाजारातून बाद होते. दर असो वा नसो, हरितगृहात तोडणी रोज करावीच लागते.

तोडल्यानंतर फुलाचे काय होते?

पाकळ्या घट्ट असताना, पहाटे किंवा सायंकाळी कळी तोडून लगेच पाण्याच्या बादलीत ठेवली जाते. मग प्रतवारी होते. दांडा जितका लांब आणि सरळ, तितकी वरची प्रत. जुडीला पन्हळी कागद गुंडाळून माल शीतगृहात दोन ते चार अंश सेल्सियसला ठेवतात. रात्री निघालेली गाडी पहाटे मुंबईत दादरच्या फूल मंडईत पोहोचते.

फूल तोडले तरी ते जिवंत असते. श्वसन सुरू असते, पानांतून पाणी उडत असते आणि साठवलेली साखर संपत असते. दांड्याच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकला किंवा जिवाणूंनी नलिका बंद केल्या, की पाणी वर चढत नाही. अशा वेळी पाकळ्या ताज्या दिसत असतानाच गुलाब मान टाकतो. फळे पिकताना निघणारा इथिलीन वायू हाही फुलांचा शत्रू. त्यामुळे केळी किंवा आंब्याच्या शेजारी ठेवलेली फुले लवकर कोमेजतात. कार्नेशनवर हा परिणाम विशेष दिसतो.

थोडक्यात, फुलदाणीतील आठवडाभराच्या आयुष्यातला मोठा भाग शेत, गाडी आणि मंडईतच खर्च होऊ शकतो. एका दिवसाचा उशीर झाला, तर नुकसान फुलवाल्याचे आणि पर्यायाने उत्पादकाचे.

दर इतके वरखाली का होतात?

पुरवठा रोजचा आणि मागणी तिथीची, हे त्याचे मुख्य कारण. दाट लग्नतिथी, व्हॅलेंटाइनचा आठवडा, गणेशोत्सव, दिवाळी आणि नववर्षाच्या आसपास फुलाला भाव मिळतो. पितृपक्ष, परीक्षांचा काळ किंवा लग्नतिथी नसलेल्या दिवसांत तोच गुलाब तोडणी-पॅकिंगचा खर्चही भरून काढत नाही. उन्हाळ्यात कळी लहान राहते आणि लवकर उमलते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा लग्ने आणि मंदिरे एकाच वेळी बंद झाली आणि उत्पादकांना तोडलेली फुले फेकून द्यावी लागली. कांदा चाळीत ठेवता येतो, द्राक्षाचा बेदाणा करता येतो. लांब दांड्याच्या गुलाबाला असा दुसरा मार्ग जवळपास नाही.

प्लास्टिकच्या फुलांनी नेमके काय हिरावले?

मोठ्या तिथीला ताजे फूल अजूनही विकले जाते. नवरा-नवरीच्या हातात प्लास्टिकचा गुच्छ कोणी देत नाही. प्लास्टिकने घेतली ती मधल्या दिवसांची मागणी. हॉटेलचा स्वागतकक्ष, सभागृहाची कायमची कमान, कार्यालयातील फुलदाणी, छोट्या समारंभाची पार्श्वभिंत अशी कामे वर्षभर थोडी थोडी चालत. त्यावरच मंदीच्या दिवसांत मजुरी निघत असे.

सजावटकाराच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. चीनहून आलेली फुलांची भिंत तो एकदा विकत घेतो आणि अनेक कार्यक्रमांना भाड्याने देतो. ती कोमेजत नाही, तिला पाणी लागत नाही आणि पहाटे मंडईत जावे लागत नाही. ताज्या फुलाला मात्र प्रत्येक कार्यक्रमासाठी नव्याने खर्च करावा लागतो. परिणामी उत्पादकाच्या हाती वर्षातील मोजके तेजीचे दिवस उरतात आणि त्या दिवसांवर एखाद्या उबदार जानेवारीने पाणी फिरवले, तर वर्षाचा ताळेबंद बिघडतो.

कायदा काय सांगतो?

केंद्राच्या २०२१ मधील सुधारित नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापराच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. फुग्याच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचे थर्माकोल त्या यादीत आहेत. प्लास्टिकची फुले नाहीत. म्हणजे गणपतीचे थर्माकोलचे मखर चालत नाही, पण त्यावर लावायची प्लास्टिकची फुले चालतात.

या विसंगतीवर बोट ठेवत फूल उत्पादकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०२४ मध्ये झालेल्या सुनावणीत न्यायालयाने या फुलांचे विघटन किंवा पुनर्वापर खरोखर होतो का, अशी विचारणा केंद्राकडे केली. जुलै २०२५ मध्ये फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी विधानसभेत कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याची भूमिका मांडली. अशी बंदी परिणामकारक ठरायची, तर केवळ विक्री नव्हे, आयात आणि भाड्याने दिल्या जाणाऱ्या सजावटीचाही विचार करावा लागेल. कापडी फुले बनवणारे छोटे कारागीर त्यात भरडले जाणार नाहीत, हेही पाहावे लागेल.

ताजे फूल तरी प्लास्टिकमुक्त आहे का?

पूर्णपणे नाही. गुलाबाच्या कळीला जाळीची टोपी, जरबेराला प्लास्टिकची पिशवी आणि गुच्छाला चकचकीत वेष्टन असते. फुले खोचण्यासाठी वापरला जाणारा हिरवा स्पंजही प्लास्टिकच असतो आणि चुरा होऊन मातीत मिसळतो. त्याऐवजी पाण्याने भरलेले पसरट भांडे, काट्यांची बैठक किंवा गुंडाळलेली तारेची जाळी वापरता येते. जपानी इकेबानात काट्यांची बैठक पूर्वीपासून वापरली जाते.

नाशिकमध्ये हा विषय गोदावरीशीही जोडलेला आहे. ताज्या फुलांच्या निर्माल्याचे खत होते. त्या ढिगात प्लास्टिकची फुले आणि हारांतील झगमगीत पट्ट्या मिसळल्या, की वर्गीकरण अवघड होते. २०२६-२७ मधील सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पार्श्वभूमीवर फुलांचा वापर आणि निर्माल्य दोन्ही वाढणार आहे.

ग्राहकाच्या हातात काय आहे?

सजावट ठरवताना ताज्या फुलांचा वेगळा दर मागता येतो. संपूर्ण भिंत फुलांनी भरण्याऐवजी पाने जास्त आणि मोजकी फुले घेतली, तर खर्च आटोक्यात राहतो. हंगामातले फूल निवडले, तर ते आणखी स्वस्त पडते. घरी आणलेल्या गुलाबाचा दांडा पाण्याखाली तिरका कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, पाणी रोज बदलावे आणि फुलदाणी फळांच्या टोपलीपासून दूर ठेवावी. एवढ्याने फूल दोन-तीन दिवस जास्त टिकू शकते.

‘ताजी फुले टिकत नाहीत’ हा प्लास्टिकच्या बाजूने दिला जाणारा मुख्य युक्तिवाद आहे. शीतसाखळी सुधारली आणि ग्राहकाने एवढी काळजी घेतली, तर त्यातला बराच जोर कमी होईल. जानोरीच्या हरितगृहात मात्र उद्या पहाटे तोडणी होणारच आहे. त्या कळ्यांना लग्नतिथी नसलेल्या दिवशीही गिऱ्हाईक मिळते का, यावर गुलशनाबादच्या गुलाबाचे पुढचे गणित अवलंबून आहे.