गोबर गॅसच्या खड्ड्यातला हायड्रोजन

कर्जाचे हप्ते आणि बँक लिंकेज यांना आज सुट्टी. ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, "टीव्हीवर सारखं हायड्रोजन हायड्रोजन चाललंय. कचऱ्यापासूनही निघतो म्हणतात. मग आम्ही गोबर गॅसमध्ये आत्ता पैसे घालावेत, की थोडं थांबावं?" प्रश्न पैशाचा आहे, म्हणून वाचून, विचारून आले आहे.

आधी आपल्याच खड्ड्यात डोकावू. शेण-पाणी कालवून आत सोडलं की त्याचा लगेच गॅस होत नाही. आत जिवाणूंच्या टोळ्या पाळीपाळीने काम करतात. पहिली टोळी शेणातला चोथा फोडून त्याची साखर करते. दुसरी ती साखर आंबवते. आपलं इडलीचं पीठ आंबतं तसंच म्हणा. त्यातून आंबट पदार्थ तयार होतात आणि हायड्रोजनही सुटतो. तिसरी टोळी हे आंबट पदार्थ आणि हायड्रोजन खाते आणि मिथेन सोडते. तोच मिथेन आपल्या शेगडीत जळतो. म्हणजे हायड्रोजन आपल्या दारात रोज तयार होतो, पण शेवटच्या पंगतीतली मंडळी तो लगेच फस्त करतात.

मग हायड्रोजनच हवा असेल तर काय करायचं? शेवटची पंगत उठवायची. मिथेनवाल्या जिवाणूंना जास्त उष्णता सोसत नाही. दुसऱ्या टोळीतले काही जिवाणू मात्र बियांसारखं कवच करून तग धरतात. म्हणून प्रयोगशाळेत विरजणाचा गाळ आधी तापवून घेतात, मग टाकीत घालतात.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात लिन मॅकॅस्की नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या गटाने याच वाटेवर एक गंमतीचा प्रयोग केला, त्याला वीसेक वर्षं झाली. चॉकलेटच्या कारखान्यात वाया गेलेला गोड माल पाण्यात पातळ करून त्यांनी ई. कोलाय या जिवाणूंना खायला दिला. जिवाणूंनी साखर खाल्ली, हायड्रोजन सोडला. त्या हायड्रोजनवर वीज करून एक छोटा पंखा फिरवला. पंखा छोटाच, पण साखर वाया गेलेली होती हे विसरू नका.

आता हिशोब बघा, आपला विषय तोच. साखरेच्या एका रेणूतून, पाण्याची मदत धरून, हायड्रोजनचे १२ रेणू निघायला हवेत. अंधारात आंबवणारे जिवाणू जास्तीत जास्त ४ देतात, ई. कोलाय तर २च. बाकीचा माल आंबट पाण्यात अडकून राहतो. म्हणून दुसऱ्या टाकीत उजेडात जगणारे वेगळे जिवाणू ठेवतात. ते आंबट पाणी खाऊन आणखी हायड्रोजन देतात. पण त्यांना भरपूर उजेड लागतो, टाकी पसरट लागते, खर्च वाढतो. घोडं अडलंय ते इथे.

आणि शेवटी उरलेल्या जिवाणूंचं काय? मला तर हाच भाग सगळ्यात आवडला. चारचाकी गाडीच्या धुराच्या नळीत एक डबा असतो, विषारी धूर कमी करणारा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असे महागडे धातू असतात. ते उत्प्रेरकाचं काम करतात. उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. दोघांचं जुळवून देतो, स्वतः संसारात पडत नाही, लगेच पुढच्या लग्नाला मोकळा. असे धातू भंगारातून ॲसिडमध्ये विरघळवले आणि ते पाणी पातळ करून त्यात जिवाणू आणि थोडा हायड्रोजन सोडला, की पाण्यातलं पॅलेडियम जिवाणूंच्या अंगावर बारीक कणांनी बसतं. ज्या एन्झाइमने जिवाणू हायड्रोजन बनवतात, तेच एन्झाइम इथेही उपयोगी पडतं. जिवाणू मेला तरी चालतो, अंगावरचे कण नव्या उत्प्रेरकासारखे काम करतात. क्रोमियमचं एक विषारी रूप कारखान्यांच्या सांडपाण्यात असतं, ते कमी विषारी रूपात बदलायला हे कण चालतात, हे मॅकॅस्कीबाईंच्या गटाने दाखवलं आहे.

आपल्याकडेही काम चालू आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीबरोबर गहू, भात, मका यांच्या काडापासून जिवाणूंकडून हायड्रोजन काढण्याचं तंत्र तयार केलं. २०२१ मध्ये ते जाहीर झालं. त्यात पहिल्या टाकीत हायड्रोजन निघतो आणि उरलेल्या आंबट पाण्यातून दुसऱ्या टाकीत मिथेन. उजेडाची भानगडच नाही. शेतात काड पेटवून देणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. थांबू नका. हायड्रोजन हा घरातल्या शेगडीचा गॅस नाही. त्याला वास नाही, ज्योत दिवसा दिसत नाही म्हटलं तरी चालेल, आणि हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला तरी पेट घेतो. मिथेनची हीच मर्यादा साधारण ५ ते १५ टक्के. शिवाय हायड्रोजन इतका हलका, की गाडीच्या टाकीत भरायचा तर हवेच्या दाबाच्या साडेतीनशे ते सातशे पट दाब द्यावा लागतो. आपला गोबर गॅस डोमखाली मुकाट्याने बसतो. दोन-तीन जनावरं असतील तर रोजच्या २५ किलो शेणात एक घनमीटरचा खड्डा चालतो, चार-पाच असतील तर दोन घनमीटरचा. त्यात चार-सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि स्लरी शेताला मिळते. कोणी बचत गटाकडे येऊन "घरगुती हायड्रोजन युनिट, आगाऊ रक्कम भरा" म्हणालं, तर एक रुपया देऊ नका. त्याचं नाव आणि फोन नंबर मात्र लिहून घ्या आणि मला कळवा.

भंगाराचंही तसंच. जुन्या मोबाईलच्या, टीव्हीच्या पाट्यांमध्ये थोडं सोनं, थोडं पॅलेडियम असतं, हे खरं. म्हणून कोणी घरी ॲसिडमध्ये बुडवतं, कोणी तांब्यासाठी वायर जाळतं. त्या धुराने छाती भरते, आणि तो धूर आधी चुलीजवळ खेळणारी पोरं ओढतात. अशा पाट्या, वायरी, जुने चार्जर एका पोत्यात वेगळे ठेवा, भंगारवाल्याला फुटकळ देऊ नका. तालुक्याला ई-कचरा घेणारं परवानाधारक केंद्र आहे का, याची चौकशी मी करते आहे. पोतं भरलं की बैठकीच्या दिवशी वजन करून वहीत लिहा.