अंगणातला कडुनिंब : लावण्याआधी अंतर मोजा



पावसाळा जवळ आला की मंडळातील सभासद विचारतात, घरासमोर सावलीसाठी कोणते झाड लावावे? आमचे उत्तर ठरलेले आहे : कडुनिंब. पाडव्याला आपण त्याची पाने गुळाबरोबर खातो, आपले कन्नड शेजारी उगादीला ‘बेवु-बेल्ल’ देतात. झाड एकच. मात्र ते लावताना एक अट आहे आणि ती आम्ही स्वतः पाळली नव्हती.

घर बांधले तेव्हा आम्ही पश्चिमेच्या भिंतीपासून जेमतेम ७ फुटांवर रोप लावले. पंधरा वर्षांत झाड गच्चीच्या वर गेले. उन्हाळ्यात दुपारी निम्मी गल्ली त्याच्याखाली बसायची. मग भिंतीला तिरकी भेग पडली. दोनदा सिमेंटने बुजवली, पण पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली. शेवटी झाड काढावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात पश्चिमेच्या खोलीत बसवेना, तेव्हा काय गमावले ते कळले.

दोष झाडाचा नव्हता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मोठे झाड जमिनीतली ओल ओढते, त्यामुळे त्याच्या भोवतीची माती जास्तच आकसते. पाया त्या टापूत आला की एका बाजूने खचतो. मुळे भिंत ढकलतात असा समज आहे, पण काळ्या मातीत बहुतेक वेळा कारण ही ओलच असते. लाल मुरमाड जमिनीत हा धोका कमी.

म्हणून काळ्या मातीत घरापासून निदान २५ ते ३० फूट अंतर सोडावे. पाण्याची टाकी, गटार आणि विजेच्या ताराही लांब असाव्यात. झाड ५० फुटांपर्यंत सहज वाढते. घराच्या पश्चिमेला लावले तर दुपारनंतरची सावली घरावर येते. ज्यांचा प्लॉट ३० बाय ४० चा आहे त्यांनी आत लावूच नये. त्यापेक्षा गल्लीतल्या चार घरांनी मिळून मोकळ्या जागेत एक झाड वाढवावे.

निंबोळ्या जून-जुलैत पिकतात. गर धुऊन बी सावलीत सुकवावे आणि दोन आठवड्यांच्या आत पेरावे. हे बी साठवून ठेवले तर उगवत नाही. पिशवीतले रोप वर्षभराने, चांगला पाऊस झाल्यावर, दीड-दोन फूट खड्ड्यात शेणखत घालून लावावे. पाणी साचणारी जागा या झाडाला चालत नाही. शेळ्यांपासून राखण्यासाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा अळे भरून पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी घातले तर मुळे वरच राहतात. त्यानंतर झाड आपले आपण सांभाळते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडे दिवस पाने गळतात, लगेच तांबूस पालवी येते आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात झाड भरगच्च असते. मक्केजवळच्या अराफातच्या मैदानावर हज यात्रेकरूंना सावली मिळावी म्हणून सुमारे ५०,००० कडुनिंब लावले गेले. वाळवंटात जे झाड सावली देते, ते हुलसुरात देणार नाही का?

बँकेत आम्ही लोकांना सांगायचो, मुदत ठेव मध्येच मोडू नका. अंगणातले झाडही मध्येच मोडावे लागू नये, म्हणून पहिल्याच दिवशी अंतर मोजा. आम्ही गेल्या पावसाळ्यात नवे रोप लावले आहे, भिंतीपासून ३२ फुटांवर. त्याची सावली बहुधा नातवंडांनाच मिळेल.