खर्जाचे संग्राहक

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेटीवरची चित्रे जमवणारी माणसे आपल्या परिचयाची असतात. प्रत्येक वर्गात असा एखादा प्राणी असतोच. परंतु जुन्या इलेक्ट्रिक बेस गिटारी जमवणारे लोकही जगात आहेत, आणि त्यांपैकी काहीजण एका वाद्यापायी घराएवढी किंमत मोजतात, असे सांगितले की ऐकणारा आधी विचारतो, "बेस म्हणजे कोणती रे? ती मागे उभी असते ती?"

होय, तीच. गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात मी तीच वाजवतो. लोक गायकाकडे पाहतात, ड्रमवाल्याकडे पाहतात. बेसवाल्याकडे त्याची आईसुद्धा पाहत नसावी. चार जाड तारा, साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खालचा सूर, एवढाच त्याचा संसार. मात्र तो वाजायचा थांबला की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवीत. त्या काळची गाणी चांगल्या स्पीकरवर लावून फक्त खर्जाकडे कान द्यावा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

हे वाद्य वयाने तसे लहानच. अमेरिकेत सिएटल येथे पॉल टटमार्क यांनी 1936 च्या सुमारास पडदे असलेला विजेवरचा बेस तयार केला होता. पण तो फारसा खपला नाही आणि विस्मरणात गेला. खरी सुरुवात 1951 साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी झाली. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यापूर्वी खर्जासाठी माणसाच्या उंचीचा डबल बेस खांद्यावर वाहून न्यावा लागे, आणि इतके करून ड्रमच्या गोंगाटात तो ऐकू येत नसे. फेंडरने लाकडाच्या भरीव फळीवर 34 इंच लांबीच्या चार तारा ताणल्या, खाली विद्युतचुंबकीय पिकअप बसवला आणि सतारीसारखे पडदे घातले. पडद्यांमुळे सूर नेमका लागू लागला, म्हणून नावही 'प्रिसिजन' ठेवले. 1960 साली दोन पिकअपचा 'जॅझ बेस' आला. जानेवारी 1965 मध्ये फेंडरने आपला कारखाना सीबीएस या बलाढ्य कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकला. संग्राहकांच्या पंचांगात ही तारीख ग्रहणासारखी आहे. तिच्या अलीकडचे ते सोने, पलीकडचे ते पितळ, असा सरसकट हिशेब केला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. कारखाना विकला म्हणून लाकूड एका रात्रीत बेसूर होत नाही.

संग्रहाची गोडी मुख्यतः बारकाव्यांत आहे. कारखान्यात दर दोनचार वर्षांनी काहीतरी बदलत असे. 1957 साली प्रिसिजनचा पिकअप दुभंगून दोन तुकड्यांचा झाला. 1959 साली मेपल लाकडाच्या दांडीवर शिसवीची पट्टी आली. जॅझ बेसच्या पहिल्या वाद्यांना एकावर एक बसवलेल्या दुहेरी कळा होत्या. 1962 च्या सुरुवातीस त्या जाऊन तीन साध्या कळा आल्या, आणि म्हणून त्या दुहेरी कळांचे बेस आज फार दुर्मिळ समजले जातात. रंगाचीही तीच कथा. नेहमीचा पिवळा-तपकिरी छटेचा रंग नको असेल तर पाच टक्के जादा देऊन मोटारीचा रंग मागवता येई: लाल, निळा, सोनेरी. असे जादा पैसे देणारे त्या वेळी थोडेच होते. त्या पाच टक्क्यांचे आज काय झाले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी!

जिथे पैसा तिथे बनवेगिरी. म्हणून जुना बेस विकत घेणे म्हणजे एखाद्या ताम्रपटाची शहानिशा करण्यासारखेच काम झाले आहे. अनुक्रमांकावर कोणी विसंबत नाही, कारण तो एका धातूच्या चकतीवर असतो आणि चकती चार स्क्रू काढले की दुसऱ्या वाद्याला लावता येते. ते चार स्क्रू काढून दांडी धडापासून वेगळी करायची. दांडीच्या टोकाला, जो भाग एरवी कोणालाच दिसत नाही तिथे, पेन्सिलीने तारीख लिहिलेली असते. 1962 पासून तिथे रबरी शिक्का येतो. मग आवाजाच्या कळांखालचे पॉट पाहायचे. त्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. उदाहरणार्थ 3046142. यातील 304 म्हणजे स्टॅकपोल ही कंपनी, 61 म्हणजे 1961 साल आणि 42 म्हणजे त्या वर्षाचा बेचाळिसावा आठवडा. अर्थात यावरून एवढेच कळते की वाद्य त्या आठवड्याआधीचे असू शकत नाही. नंतरचे कितीही असू शकते. 1966 साली कारखान्याने पॉटचा भलामोठा साठा घेऊन ठेवला आणि तो पुढे कित्येक वर्षे पुरवला. त्यामुळे 1966 चे पॉट पाहून हुरळलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती प्रत्यक्षात दोनतीन वर्षांनंतरचे वाद्य असू शकते.

त्यानंतर सोल्डर. कारखान्यात पडलेला थेंब जुना, मळकट, निस्तेज असतो. कोणी नंतर पुन्हा डाग दिला असेल तर तो वेगळा चमकतो. शेवटी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावतात. जुने लॅकर त्या प्रकाशात हिरवट-पिवळे उजळते, आणि मागाहून रंगवलेला भाग काळसर डागासारखा उठून दिसतो. नोटा तपासणाऱ्या बँकेच्या दिव्याचीच ही बहीण.

या सगळ्या तपासणीत मला सर्वांत जास्त आवडते ती पेन्सिलीची तारीख. 1950 च्या दशकातील काही दांड्यांवर तारखेबरोबर 'टीजी' अशी अक्षरे सापडतात. ही टाडेओ गोमेझ या कामगाराची आद्याक्षरे. दांडीला हाताच्या तळव्यात बसेल असा गोलवा देण्याचे काम तो करीत असे. पिकअपवर केसाएवढी बारीक तार गुंडाळण्याचे काम 1956 पासून अबिगेल इबारा ही बाई करीत होती. वाद्यावर दर्शनी भागी नाव मालकाचे. गोमेझची दोन अक्षरे लाकडाच्या पोटात. ती कोणी वाचावी म्हणून त्याने लिहिली नसणार. आज तीच शोधायला माणसे दिवे घेऊन बसतात.

आता यातली विसंगती पाहा. संग्राहकाला हवे असते ते अस्पर्श वाद्य. एखाद्याने हौसेने बेस पुन्हा रंगवला, तर किंमत अंदाजे निम्म्यावर येते. नवा पिकअप बसवला, पडदे बदलले, आणखी उतरते. पण पडदे झिजतात कोणाचे? जो रोज रात्री वाजवतो त्याचे. उलट ज्या वाद्याचा पहिला मालक दोन महिन्यांत कंटाळला आणि ज्याने ते पेटीत घालून पलंगाखाली ढकलले, त्याला आज सर्वोच्च भाव. म्हणजे बाजार ज्या वाद्याला पहिला वर्ग देतो ते कोणालाच फारसे नकोसे झालेले वाद्य असते! वाजवून झिजलेल्या बेसला विक्रेते 'प्लेअर्स ग्रेड' म्हणतात, आणि म्हणतात ते आपल्याकडे 'एटीकेटी' म्हणावे तशा सुरात. गंमत अशी की याच फेंडर कंपनीने 1995 पासून नव्या कोऱ्या गिटारी मुद्दाम खरवडून, गंजवून, जुन्यासारख्या करून विकायला सुरुवात केली. झीज विकत मिळते, फक्त ती स्वतः केलेली नसावी!

सगळेच संग्राहक मात्र तिजोरीवाले नसतात. 'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदातील जॉन एंटविसल याने मोठा संग्रह केला होता. 2002 साली त्याच्या मृत्यूनंतर, 2003 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात तो विखुरला. त्यात एक 'फ्रँकेन्स्टाइन' नावाचा प्रिसिजन होता. पाच मोडक्या बेसचे सुटे भाग जोडून त्याने तो 1967 साली बनवला होता. शुद्धतेच्या निकषावर त्याला शून्य गुण मिळाले असते. कॅनडाचा गेडी ली याने अडीचशेच्या आसपास बेस जमवले आणि 2018 साली त्यांवर भलाथोरला ग्रंथ लिहिला. पण ज्यावर त्याने असंख्य गाणी वाजवली तो 1972 चा जॅझ बेस त्याने मिशिगनमधील एका गहाणवट दुकानातून सुमारे 200 डॉलरला उचललेला होता. आणि मालकाच्या नावाचा भाव तर वेगळाच. बिल वायमन याचा 1969 चा मस्टँग बेस, जातीने काही फार दुर्मिळ नव्हे, 2020 मध्ये 3,84,000 डॉलरला गेला.

शिसवीचा उल्लेख वर आला. ही आरंभीची शिसवी ब्राझीलची. 1966 च्या सुमारास फेंडरने भारतीय शिसवी वापरायला घेतली, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या शिसवाची. संग्राहकांच्या लेखी हीसुद्धा उतरती पायरी! ब्राझीलच्या झाडाची बेसुमार तोड झाल्यामुळे 1992 पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या व्यापारावर कडक बंदी आहे. 1962 चा बेस घेऊन सीमा ओलांडायची तर त्या दोनतीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीसाठी कागदपत्रे लागतात. आपल्या शिसवावरही 2017 साली निर्बंध आले होते, पण 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

चोरीला गेलेल्या वाद्यांचा एक वेगळाच अध्याय आहे. पॉल मॅकार्टनी याने 1961 साली हँबर्गमध्ये सुमारे 30 पौंडांना व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला. तो डावखुरा, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे वाद्य उलटे धरले तरी विचित्र दिसत नाही, हे त्याला सोयीचे होते. 1972 साली लंडनमध्ये एका व्हॅनमधून तो चोरीस गेला आणि पन्नासएक वर्षांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे एका माळ्यावर सापडला. तो परत मिळाल्याचे फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाले. त्याचे दोन्ही पिकअप दांडीजवळ, एकमेकांना खेटून होते. नंतरच्या हॉफनरमध्ये ते दूर गेले. पटवायला या खुणेचा उपयोग झाला.

जेम्स जेमरसन याचा बेस मात्र मिळालेला नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या किती गाण्यांत तो वाजतो याची गणती नाही, आणि 1971 पर्यंत तबकड्यांवर त्याचे नाव छापले जात नसे. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडी. तुटल्याखेरीज तार बदलत नसे. तारांवरच्या मळातच नाद असतो अशी त्याची श्रद्धा होती. 1962 चा प्रिसिजन, पिवळा-तपकिरी, नेहमीचा रंग. ऑगस्ट 1983 मध्ये तो वारला, त्याच्या थोडेच आधी तो बेस चोरीला गेला. कोणाच्या माळ्यावर असा एखादा मळका बेस असेल, तर दांडीच्या मुळाशी पाहावे. तिथे त्याने स्वतःच्या हाताने 'फंक' असे कोरून ठेवले होते.