केटे कोल्विट्झ : पुत्रशोकाचे सात ठसे

किसा गोतमीची कथा आमच्या वाचक भगिनींनी वर्षावासात कितीदा तरी ऐकली असेल. मेलेले मूल उराशी धरून दारोदार फिरणारी ती आई आम्हाला पुन्हा आठवली, ती केटे कोल्विट्झ या जर्मन चित्रकर्तीचे लाकडी ठसे पाहताना.

केटेबाईंचा जन्म १८६७ चा. पती कार्ल डॉक्टर. बर्लिनच्या कामगार वस्तीत त्यांचा दवाखाना होता. तेथे येणाऱ्या थकल्याभागल्या बायाबापड्या केटेबाईंच्या चित्रांत उतरल्या. उपाशी विणकरांच्या बंडावरची त्यांची चित्रमालिका १८९८ मध्ये गाजली. परीक्षकांनी सुवर्णपदक सुचवले, कैसर विल्हेल्मने ते नाकारले. गरिबांची चित्रे बादशहाला कशी रुचावीत!

१९१४ साली महायुद्ध पेटले. धाकटा पीटर अठरा वर्षांचा. वडिलांच्या संमतीशिवाय त्याला सैन्यात जाता येत नव्हते आणि वडील संमती देईनात. तेव्हा मुलाची बाजू घेऊन पतीचे मन वळवले ते केटेबाईंनीच. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला.

हे दुःख चित्रात आणायला वर्षे गेली. तांब्याच्या पत्र्यावरच्या बारीक रेघांत ते मावेना. १९२० मध्ये त्यांनी एर्न्स्ट बार्लाख यांचे लाकडी ठसे पाहिले आणि वाट सापडली. त्या काळच्या अभिव्यक्तिवादी चित्रकारांनी हे जुने माध्यम पुन्हा हाती घेतलेच होते. जे पांढरे हवे ते कोरून काढायचे. जे उरते त्याला शाई लागते, तेच काळे उमटते. एकदा कोरलेले सहजासहजी भरून काढता येत नाही.

‘युद्ध’ ही सात ठशांची मालिका १९२२ पर्यंत तयार झाली. तीत ना बंदूक, ना शत्रू. दुसऱ्या चित्रात मृत्यू ढोल वाजवीत पुढे निघाला आहे आणि त्याला बिलगून पीटर. सहाव्यात आया एकमेकींना घट्ट धरून पोरांभोवती कोट करतात. पण आम्ही थबकलो ते पहिल्यापाशी. त्यात आई आपले तान्हे बाळ दोन्ही हातांनी पुढे करते आहे. नाव ‘बलिदान’. स्वतःचा वाटा या बाईंनी लपवला नाही. हेच चित्र १९३१ मध्ये चिनी लेखक लू शुन यांनी, सरकारने ठार केलेल्या आपल्या तरुण लेखक मित्राच्या स्मरणार्थ छापले.

प्रशियाच्या कला अकादमीने १९१९ मध्ये केटेबाईंना सभासद केले होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना राजीनामा द्यायला लावला. थोरल्या मुलाने आपल्या लेकाचे नाव पीटरच ठेवले होते. तोही १९४२ मध्ये रशियात मारला गेला. २२ एप्रिल १९४५ रोजी केटेबाई गेल्या. युरोपातले युद्ध त्यानंतर सोळा दिवसांनी थांबले.