आय-सेव्हन आहे, पण कितवीतला?

'आय-सेव्हन, ८ जीबी रॅम, एसएसडी, कंडिशन एकदम मक्खन!' कॉलेजच्या ग्रुपवर सेकंडहँड लॅपटॉपचा असा मेसेज पडला की पाच मिनिटांत धडाधड 'इंटरेस्टेड'चे रिप्लाय येतात. लॅमिंग्टन रोडवर गेलात तरी तेच. ऑफिसांमधून निघालेले काळे-करडे लॅपटॉप ओळीने मांडलेले असतात आणि आपण विचारतो, "दादा, आय-फाइव्ह आहे की आय-सेव्हन?" बजेट पंधरा-वीस हजारांचं, तेही बहुतेकदा घरच्यांचं, आणि त्यात डिग्री संपेपर्यंत निभवायचंय. म्हणूनच हा प्रश्न अर्धवट आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा, की तो आय-सेव्हन कितवीतला?

कारण आय-सेव्हन हे वेगाचं माप नाहीच. तो त्या-त्या वर्षीच्या वर्गातला वरचा नंबर आहे, एवढंच. सातवीत पहिल्या आलेल्या मुलाला आठवीच्या मधल्या बाकावरचा मुलगा गणितात सहज मागे टाकू शकतो, तसंच हे.

आता खरं उदाहरण बघू. इंटेलचा आय७-७५००यू हा २०१६ मधला, सातव्या पिढीचा लॅपटॉप प्रोसेसर. त्यात कोअर फक्त २. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, आठव्या पिढीचा आय५-८२५०यू आला. त्यात कोअर ४. दोघांची विजेची भूक सारखीच, १५ वॉट. कागदावर बघाल तर मूळ वेग आय-सेव्हनचा २.७ गिगाहर्ट्झ आणि आय-फाइव्हचा जेमतेम १.६. तरीही व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, कोड कम्पाइल करणं अशा सगळे कोअर राबवणाऱ्या कामांत हा 'खालचा' आय-फाइव्ह साधारण दीडपट काम उरकतो. वर्ड उघडणं, पीडीएफ वाचणं यात मात्र दोघांमध्ये फारसा फरक जाणवत नाही, हेही सांगायला हवं.

मग गिगाहर्ट्झ म्हणजे नक्की काय? मेसमधल्या पोळ्या करणाऱ्या मावशी आठवा. त्यांचा हात मिनिटाला किती वेळा फिरतो, ते गिगाहर्ट्झ. पण प्रत्येक फेरीत तव्यावरून किती पोळ्या उतरतात, हा वेगळाच हिशोब असतो. शिवाय ओट्याशी मावशी दोन आहेत की चार, ते कोअर. जाहिरातीत मात्र बहुतेकदा हात फिरण्याचाच आकडा छापलेला असतो.

हा धडा खुद्द इंटेलनेच गिरवलाय. २००४ पर्यंत पेन्टियम ४ चा वेग ३.८ गिगाहर्ट्झवर गेला होता, पण चिप इतकी तापायला लागली की ४ गिगाहर्ट्झचं ठरलेलं मॉडेल कंपनीने रद्द केलं. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्याचे गिगाहर्ट्झ कमी, पण प्रत्येक फेरीत काम जास्त, आणि त्याने पेन्टियमला सरळ मागे टाकलं. तेव्हा आपण बालवाडीत असू, पण 'गिगाहर्ट्झ किती' विचारायची सवय घराघरांत अजून शिल्लक आहे.

पुढचा काळ जरा कंटाळवाणा. जानेवारी २००७ मध्ये इंटेलचा ४ कोअरचा क्यू६६०० आला, आणि बरोबर दहा वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये आलेला आय७-७७००के सुद्धा ४ कोअरचाच. मधल्या काळात वेग वाढला, पण बेताबेतानं. मार्च २०१७ मध्ये एएमडीने ८ कोअरचे रायझन ७ आणले आणि त्याच वर्षी इंटेलच्याही चिप्समध्ये कोअर वाढले. योगायोग म्हणा किंवा धसका! फायदा आपला झाला. २०२२ चा आय३-१२१०० घ्या. हाही ४ कोअरचा, पण २०१७ च्या त्या आय७-७७००के पेक्षा वेगवान. लाँचच्या वेळी जुन्याची किंमत सुमारे ३४० डॉलर होती, नव्याची सुमारे १२०.

आठव्या पिढीची रेघ आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ साठी, थोडे अपवाद सोडले तर, आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे वरचा आय-सेव्हन मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, आय-फाइव्ह बसतो. लिनक्स टाकून जुनं मशीन मजेत चालतं, पण तुमच्या कोर्सचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, ते आधी बघा.

'मग नवाकोराच घेतो' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबा. स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये सेलेरॉन एन४०२० सारखी २ कोअरची चिप आणि ४ जीबी रॅम असते. खोका नवा, वॉरंटी नवी, पण आठव्या पिढीचा जुना आय-फाइव्ह त्याला सहज मागे टाकतो. एएमडीची गंमत तर आणखी वेगळी. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकून वाटतं, ७००० सिरीज म्हणजे ताजा माल. पण त्यातला तिसरा आकडा बघा, २. म्हणजे आतला आराखडा झेन २, जो २०१९ मध्ये बाजारात आला. ७५३०यू मध्ये झेन ३ आणि ७५४०यू मध्ये झेन ४. आकड्यांचा हा खेळ गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी केलाय, असं मला तरी वाटत नाही.

इंटेलचं गणित त्यामानानं सोपं आहे. ७५०० मधला पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. ८२५० म्हणजे आठवी. दहावीपासून पुढे पहिले दोन आकडे वाचायचे. ११३५ म्हणजे अकरावी, १२३५ म्हणजे बारावी. शेवटी यू असेल तर कमी वीज खाणारी चिप, एच असेल तर जास्त ताकदीची, पण बॅटरी भराभर पिणारी.

दुकानात गेल्यावर स्टिकरवर जाऊ नका, तो कुणीही चिकटवू शकतो. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडलं की पूर्ण नंबर दिसतो. हार्ड डिस्क असेल तर एसएसडीचा खर्च धरूनच भाव करा, कारण रोजच्या वापरात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. रॅम बोर्डलाच चिकटवलेली नाही ना, हेही विचारा, नाहीतर नंतर वाढवता येत नाही. मग यूट्यूबवर एखादा हाय रिझोल्यूशनचा व्हिडिओ लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूची टक्केवारी बघा. यूट्यूबच्या नव्या एव्ही१ फॉरमॅटचा व्हिडिओ उलगडायची वेगळी सोय इंटेलच्या लॅपटॉप चिप्समध्ये अकराव्या पिढीपासून आली. जुन्या चिपला ते काम स्वतः घाम गाळून करावं लागतं आणि पंखा लगेच ओरडायला लागतो. हे सगळं चार्जर काढून करा. दुकानदार कंटाळला तरी दहा मिनिटं तसंच चालू द्या, म्हणजे बॅटरीचंही कळेल.