चारात एक, पण प्रत्येक वेळी नव्याने

पहिले मूल थॅलेसेमियाग्रस्त जन्मले, आता पुढची तीन निरोगीच होणार, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असल्यास चारपैकी एका अपत्याला हा आजार होतो, हे वाक्य कानावर पडलेले असते. त्याचाच हा हिशेब. तो चुकतो कसा, याचे उत्तर पेशीविभाजनात आहे.

शरीरातील बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, दुसरे वडिलांकडून आलेले असते. शरीर वाढताना पेशी विभागते, तेव्हा दोन्ही नव्या पेशींना सर्व ४६ गुणसूत्रे मिळतात. स्त्रीबीज व शुक्रपेशी मात्र अर्धगुणसूत्री विभाजनाने तयार होतात. त्यात प्रत्येक जोडी विलग होते आणि एका बीजपेशीत २३ गुणसूत्रेच उतरतात. हिमोग्लोबिनसाठी आवश्यक असणारे बीटा ग्लोबिनचे जनुक ११व्या गुणसूत्रावर असते. वाहकाकडे त्याची एक प्रत चांगली व एक सदोष असल्याने त्याच्या निम्म्या बीजपेशींत सदोष प्रत जाते. गर्भधारणेच्या वेळी त्यांतील कोणती पुढे येईल, याचा आधीच्या अपत्याशी काहीही संबंध नसतो. नाणे दर वेळी नव्यानेच उडविले जाते. त्यामुळे दोन्हीकडून सदोष प्रत येण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात २५ टक्केच राहते. पहिली दोन्ही मुले आजारी निघण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे दुर्मीळ नव्हेच.

वाहकाला याची गंधवार्ताही नसते. चांगली प्रत निभावून नेते. फार तर सौम्य रक्तक्षय आढळतो; तो लोहाच्या कमतरतेचा समजून गोळ्या दिल्या जातात आणि फरक पडत नाही. हा दोष पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने पुढे सरकतो व दोन वाहकांचा विवाह झाल्यावरच आजाराच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. 'आमच्या घराण्यात कोणालाच नाही' या आश्वासनाला म्हणूनच अर्थ नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आढळले असले, तरी अन्य समाज यातून सुटलेले नाहीत.

आजारी बालकही जन्मतः निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनला या जनुकाची गरज नसते. काही महिन्यांत ते ओसरते व बालक फिकट पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढविणे आणि साठलेले लोह काढण्यासाठी औषधे, हा क्रम बहुतेकांसाठी आयुष्यभराचा असतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता प्रत्येकाला मिळत नाही.

तपासणी मात्र साधी आहे. रक्तातील हिमोग्लोबिन ए२चे प्रमाण ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास व्यक्ती बहुधा वाहक असते. पत्रिकेतील एकनाड काटेकोरपणे पाहणाऱ्या घरांतही ही चाचणी क्वचितच विचारली जाते. दोघेही वाहक असल्यास गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीच्या अखेरीस वारेचा सूक्ष्म अंश तपासून गर्भाचे निदान करता येते. सायप्रसने १९७०च्या दशकात अशी मोहीम हाती घेतली आणि तेथे थॅलेसेमिया मेजर बालकांचे जन्म जवळजवळ थांबले.

आजारी बालकाच्या निरोगी भावंडांची तपासणी बहुधा राहून जाते. त्यांच्यापैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता तीनात दोन इतकी असते.