ब्लॉक करण्याआधी थांबा! कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती कशी चालते आणि फोनमधला पुरावा कसा जपायचा?

सीनिअरचे रात्री-अपरात्री येणारे मेसेज, प्रोजेक्टच्या ग्रुपवरून नंबर काढून पाठवलेले नको ते फोटो, इंटर्नल मार्कांची आठवण करून देत "जरा भेटायला ये" म्हणणारे सर. कॉलेजातल्या मुलींना होणारा त्रास आता बराचसा फोनमधूनच येतो. तो आला की बहुतेक मुली दोन गोष्टी करतात : चॅट डिलीट आणि नंबर ब्लॉक. नजरेसमोरून गेलं की जरा बरं वाटतं, हे साहजिकच आहे. पण पुढे तक्रार करायची वेळ आली की त्याच दोन टॅपमध्ये पुरावा गेलेला असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. पण फोनमधलं काहीही अडलं की मैत्रिणी आणि बहिणी मलाच विचारतात, आणि या विषयात त्यांचे प्रश्न ठरलेले असतात : तक्रार नेमकी कुठे करायची? स्क्रीनशॉट चालतो का? या लेखात दोन्हींची उत्तरं बघू.

ही समिती म्हणजे काय?

बऱ्याच कॉलेजांत हिला अजूनही "विशाखा समिती" म्हणतात. हे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालावरून पडलं. पुढे २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, खास विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी २०१५ चे नियम काढले. त्यानुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. नोटीस बोर्डवर किंवा वेबसाइटवर "आयसीसी" किंवा "आयसी" दिसलं तर ती हीच.

समितीत कोण असतं, तेही ठरलेलं आहे :

- अध्यक्ष एक वरिष्ठ महिला प्राध्यापक
- दोन प्राध्यापक आणि दोन शिक्षकेतर कर्मचारी
- प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी
- महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली एक बाहेरची सदस्य

एकूण सदस्यांपैकी निम्म्या तरी महिला असाव्या लागतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा मोठ्या पदांवरच्या लोकांना समितीत बसता येत नाही. "एचओडी आणि ते सर एकाच गटातले आहेत, काय उपयोग?" असं वाटत असेल तर हा नियम नक्की लक्षात ठेवा.

"कॅम्पस" या शब्दाचा अर्थही इथे मोठा आहे. हॉस्टेल, कॅन्टीन, लायब्ररी तर त्यात येतातच, पण कॉलेजची बस, इंडस्ट्रियल व्हिजिट, शैक्षणिक सहल, इंटर्नशिप, शिबिर, फेस्ट आणि क्रीडा स्पर्धाही येतात. "ते कॉलेजच्या बाहेर झालं, आमचा संबंध नाही" असं उत्तर मिळालं तर ते मुकाट्याने मान्य करू नका.

घड्याळ कधी सुरू होतं?

सगळ्यात महत्त्वाची मुदत आहे तीन महिने. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. आधी का जमलं नाही याचं पटण्यासारखं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

तक्रार दिल्यानंतर पुढचं वेळापत्रक असं आहे :

1. सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्या व्यक्तीला जाते.
2. त्याला उत्तर द्यायला दहा दिवस मिळतात.
3. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.
4. चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल द्यायचा असतो.
5. अपील झालं नाही तर संस्थेने ३० दिवसांत कारवाई करायची असते.

पहिला मुद्दा नीट वाचा. तुमची तक्रार समोरचा माणूस वाचणार आहे. तक्रार गेल्याचं कळल्यावर तो काय करेल? मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" करेल, अकाउंटचं नाव बदलेल किंवा अकाउंटच बंद करेल. त्यामुळे पुरावा तक्रार देण्याच्या आधीच सुरक्षित हवा.

पुरावा कसा जपायचा?

तक्रारीसाठी तीन महिने मिळतात, पण व्हॉट्सॲपचे डिसअपिअरिंग मेसेज २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत उडतात. म्हणून हे काम त्याच दिवशी करा.

१. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू द्या. वर नुसतं "रोहन सीनिअर" दिसणारा स्क्रीनशॉट कच्चा असतो. सेव्ह केलेलं नाव कुणीही काहीही ठेवू शकतं. कॉन्टॅक्ट इन्फो उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. चॅटमध्ये तारखेची पट्टी दिसेपर्यंत वर स्क्रोल करा. क्रॉप करू नका, लाल गोल काढू नका. खुणा करायच्या असतील तर कॉपीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

२. स्क्रीन रेकॉर्डिंग करा. होम स्क्रीनपासून सुरुवात करा, ॲप उघडा, चॅट उघडा, सावकाश स्क्रोल करा आणि शेवटी प्रोफाइल दाखवा. सुट्या स्क्रीनशॉटवर "एडिट केलंय" असा आरोप करणं सोपं असतं, सलग व्हिडिओवर तेवढं सोपं नसतं.

३. चॅट एक्स्पोर्ट करा. व्हॉट्सॲपमध्ये चॅट उघडून मेनूमधून "एक्स्पोर्ट चॅट" निवडा. मीडियासह शेवटचे १०,००० मेसेज मिळतात आणि मीडियाशिवाय ४०,००० पर्यंत. चॅटमध्ये "ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी" चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही. मग वरचे दोन उपाय वापरा.

४. "व्ह्यू वन्स" फोटोसाठी दुसरा फोन लागतो. व्हॉट्सॲप अशा फोटोचा स्क्रीनशॉट घेऊ देत नाही. तो उघडण्याआधी मैत्रिणीला बोलवा आणि तिच्या फोनवरून स्क्रीनचं शूटिंग करा. इन्स्टाग्रामचा व्हॅनिश मोड आणि स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं. तिथेही दुसऱ्या फोनचाच उपाय बरा.

५. इन्स्टाग्रामवर युजरनेम आणि लिंक दोन्ही घ्या. युजरनेम कधीही बदलता येतं. प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा. अकाउंट्स सेंटरमधून स्वतःच्या डेटाची कॉपीही मागवता येते. त्यात तुमच्या इनबॉक्समधले मेसेज तारीख-वेळेसह येतात.

६. फाइल पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कोणत्या फोनवर काढला ही आतली माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच जाते.

७. दोन ठिकाणी ठेवा. एक कॉपी स्वतःच्या ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर. घरातल्या सगळ्यांचं गूगल अकाउंट एकच असेल तर फोटो आपोआप सिंक होऊन सगळ्यांना दिसतील, तेवढं तपासा. कॉलेजने दिलेल्या ईमेलवर एकमेव कॉपी ठेवू नका. ते अकाउंट तुमच्या ताब्यात नसतं.

हे सगळं झालं की खुशाल ब्लॉक करा. रिपोर्ट करताना "चॅट डिलीट करा" अशी टिक आधीच लागलेली नाही ना, ते बघा.

मग स्क्रीनशॉट चालतो का?

समितीची चौकशी म्हणजे कोर्टातला खटला नव्हे. समिती दोन्ही बाजू ऐकते, साक्षीदारांशी बोलते, कागद आणि मेसेज पाहते. तिथे स्क्रीनशॉट नक्की द्या. प्रकरण पोलीस आणि कोर्टापर्यंत गेलं तर नियम कडक होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते.

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. एसएचए-२५६ नावाची पद्धत कोणत्याही फाइलमधून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ काढते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. आणि प्रकरण संपेपर्यंत तो फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रीसेट करू नका.

पुरावा अपुरा असेल तर? तरीही तक्रार करा. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही आणि तुमच्यावर कारवाई होत नाही, असं नियमांतच लिहिलेलं आहे. "सिद्ध नाही झालं तर तुझंच करिअर जाईल" ही धमकी बऱ्याच मुलींना ऐकवली जाते. नियमात तिला आधार नाही.

तक्रारीत काय लिहायचं?

मोठं पत्र लिहायची गरज नाही. घटना तारखेच्या क्रमाने लिहा : तारीख आणि वेळ, ठिकाण किंवा ॲप, काय झालं, कुणी पाहिलं, सोबत कोणती फाइल जोडली आहे. फोनच्या नोट्समध्ये ही यादी आजपासूनच ठेवायला लागा. दोन महिन्यांनी तारखा आठवत नाहीत. लिहिणं जमत नसेल तर समितीच्या सदस्यांनी मदत करायची असते. तुम्ही शारीरिक किंवा मानसिकरीत्या तक्रार करण्याच्या स्थितीत नसाल तर नातेवाईक, मैत्रीण किंवा समुपदेशक तुमच्या वतीने तक्रार देऊ शकतात.

कागदावर दिलीत तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. ईमेलने पाठवलीत तर स्वतःच्या जीमेलला बीसीसीमध्ये ठेवा.

चौकशी चालू असताना काय हवं आहे, तेही त्याच तक्रारीत मागा. दोघांपैकी एकाचा विभाग बदलणं, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा देणं, त्या व्यक्तीला तुमचे पेपर तपासू न देणं, त्याला तुमच्यापासून लांब राहण्याची ताकीद देणं, अशा शिफारशी समिती करू शकते. "सरांच्याच हातात माझे मार्क आहेत" ही भीती असेल तर यातली तिसरी मागणी आठवणीने लिहा.

एक पथ्य मात्र पाळा. चौकशी चालू असताना स्टोरी टाकून किंवा ग्रुपवर नावं जाहीर करू नका. नावं गुप्त ठेवण्याचा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे, आणि तो तुमचंही रक्षण करतो.

फोटो व्हायरल करण्याची धमकी असेल तर

इथे समितीची वाट बघत बसू नका. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. नाव न देताही तिथे कळवता येतं, पण मग तक्रारीचं पुढे काय झालं ते ट्रॅक करता येत नाही. पैसे उकळले गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

दुसरं साधन म्हणजे स्टॉप-एनसीआयआय डॉट ऑर्ग. १८ वर्षांवरील कुणालाही ते मोफत वापरता येतं. तुम्ही फोनमधला फोटो निवडता आणि त्याचा हॅश तुमच्याच फोनवर तयार होतो. फोटो कुठेही अपलोड होत नाही, फक्त तो ठसा जातो. फेसबुक, इन्स्टाग्रामसारखे सहभागी प्लॅटफॉर्म त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून काढून टाकतात. फोटोसाठीचा हा हॅश वर सांगितलेल्यापेक्षा वेगळ्या जातीचा असतो : फोटो थोडा लहान-मोठा केला तरी ठसा साधारण तसाच राहतो. पण क्रॉप किंवा फिल्टर केलेली कॉपी निसटू शकते, तिचा हॅश वेगळा द्यावा लागतो. सहभागी नसलेल्या ॲप्सवर याचा उपयोग नाही. एआयने बनवलेल्या खोट्या फोटोंसाठीही ही सोय आहे.

१८ पेक्षा कमी वय असेल तर "टेक इट डाउन" ही अशीच वेगळी सेवा आहे. अकरावी-बारावीच्या मुलींनी ती वापरावी.

आज पाच मिनिटांत करून ठेवायची कामं

- कॉलेजच्या वेबसाइटवर समितीचं पान शोधा. सदस्यांची नावं, नंबर आणि ईमेल यांचा स्क्रीनशॉट घ्या. पान सापडलं नाही किंवा यादीत सोडून गेलेल्या मॅडमचं नाव असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत आत्ताच विचारा. समितीची माहिती ठळकपणे लावणं संस्थेला बंधनकारक आहे.
- हे नंबर सेव्ह करा : आणीबाणीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, सायबर फसवणूक १९३०, रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.
- मन हलकं करायला कुणी हवं असेल तर टेली-मानस, नंबर १४४१६. ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तक्रार करायची की नाही हे ठरलं नसलं तरी फोन करता येतो.
- फोनच्या सेटिंगमध्ये "इमर्जन्सी एसओएस" चालू करा आणि विश्वासातल्या दोन माणसांचे नंबर टाका.

समितीकडे जायचं की पोलिसांकडे, हा निर्णय तुमचा आहे. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. पोलिसांत जायचं ठरवलंत तर मदत करणं ही संस्थेचीच जबाबदारी आहे. आणि काय करायचं हे आज ठरत नसेल तरी हरकत नाही, फक्त पुरावा आज जपा. वर्गाच्या ग्रुपवर हा लेख पाठवा. ज्या मैत्रिणीला याची गरज आहे ती कदाचित विचारणार नाही, पण वाचेल.